सासूबाईंच्या तोंडातले डोंगर

१२ जानेवारी

प्रिय बत्तीशीस,

ताईचा आशीर्वाद. तुझं नवीन वर्षाचं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला फुलं, आत शुभेच्छा, आणि मागे कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात, "गेल्या आठवड्यात एका थोर माणसाचं तोंड माझ्या हातात होतं. डोंगर आठव, म्हणजे कळेल." अरे, असं कार्डाच्या पाठीमागे लिहितात? मी ते वाचलं तेव्हा ऑफिसात होते आणि पाणीपुरवठ्याच्या नकाशावर शाईची बाटली सांडता सांडता राहिली.

म्हणजे आपल्या लेखकमहाशयांची कवळी तू केलीस! 'चालते डोंगर'चे दहा खंड ज्या तोंडाने आधी पुटपुटले गेले असतील, ते तोंड! आणि हे तू मला कार्डाच्या मागे कळवतोस. मामा उगाच नाही म्हणत, की या पोराला आग लागली तरी तो आधी चप्पल शोधेल.

आता नीट ऐक. सहा वर्षं झाली, अकरावा खंड येत नाही. तिसरी डोंगररांग दरीच्या तोंडाशी येऊन उभी आहे आणि आपण सगळे तिच्याबरोबर ताटकळलोय. प्रकाशकांनी कळवलंय, की लेखकमहाशय आता फार फिरत नाहीत, मे महिन्यात एकाच वाचक मंडळाला भेट देतील आणि ती शेवटची. ज्या मंडळाचं प्रदर्शन चांगलं, तिथे ते येणार. पलीकडच्या मंडळाकडे त्यांची एक चप्पल आहे. डावी. कुठल्याशा सभागृहात विसरून गेले होते म्हणे. त्यांनी ती मखमलीवर ठेवलीय. आमच्याकडे काय आहे? माझ्या हातचे नकाशे आणि चार फाटकी वेष्टनं.

तुला माहीत आहे मला ती भेट का हवी आहे ते. एकोणिसाव्या वर्षी मी नऊ महिने कमरेपासून प्लास्टरमध्ये होते आणि पहिला खंड माझ्या छातीवर उघडा असायचा. त्याबद्दल त्या माणसाचे आभार मानायचे आहेत. एकदा संधी आली होती. चार तास रांगेत उभी राहिले, बावीस वाक्यं पाठ केली, आणि नंबर आल्यावर तोंडातून निघालं, "पेन चालतंय ना?" ते म्हणाले, "चालतंय." झालं. सही घेऊन घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. ही चूक मला दुरुस्त करायची आहे.

तेव्हा काहीतरी पाठव. काहीही. फोन करू नकोस, फोन सासूबाई उचलतात. सासूबाईंच्या कवळीचंही तेवढं बघ, माप देऊन महिना झाला, दात नाहीत म्हणून सगळा राग मला चावून काढतात.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून तीन दिवस झोप नाही. आमच्या धंद्यात एक नियम असतो. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो, साच्यावर आम्ही कवळी बसवतो, आणि कवळी गेली की साचा फोडून टाकतो. माणसाचं बोळकं ही त्याची खासगी गोष्ट आहे. मालक म्हणतात, आपण दातांचे न्हावी आहोत, ऐकायचं बघायचं आणि विसरायचं.

मी विसरलो नाही. फोडलाही नाही.

ताई, मी हातोडी उचलली होती. पण हात वर गेला तो खाली येईना. ज्या माणसाने सातव्या खंडात राजाच्या चौदा पिढ्यांची वंशावळ एकही चूक न करता दिली, त्याच्या वरच्या जबड्यावर मी हातोडी मारू? मी साचा खिडकीतल्या फळीवर पाठीमागे सरकवला. त्यावर नाव मुद्दाम घातलं नाही, कारण इथे माझ्या शेजारी बसतो तो पॉलिशवालाही आपल्यातलाच आहे. नाव दिसलं असतं तर साचा संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी गेला असता.

आज तो कापसात गुंडाळून पाठवतोय. कुणी विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस. माझी नोकरी आता तुझ्या मुठीत आहे.

तुझ्या सासूबाईंचा साचाही तयार आहे. त्यावरही नाव घातलेलं नाही, कारण घरचं काम मालकांना दाखवायचं नाही. वाळायला तिथेच फळीवर ठेवला होता. कवळी महिनाभरात देतो. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि चप्पलवाल्यांची जिरव.

तुझा,
बत्तीशी

९ फेब्रुवारी

प्रिय बत्तीशीस,

बस खाली. बसलास? आता वाच.

साचा सुखरूप पोहोचला. मंडळाच्या खोलीत मी कापूस उलगडला तेव्हा सतरा माणसं टाचा उंचावून बघत होती. आमच्या अध्यक्षांना (ते चष्म्याच्या दुकानात असतात) गहिवरून आलं. रोपवाटिकावाल्या वहिनी म्हणाल्या, "काय तेज आहे हो!" प्लास्टरला कसलं तेज, पण मला त्या क्षणी दिसलं, खोटं कशाला बोलू.

मग मी साचा उलटा केला आणि टाळूकडे लक्ष गेलं. तुला रोजचंच असेल, पण मी कधी टाळू आतून पाहिली नव्हती. पुढच्या बाजूला त्या वळ्या असतात ना, आडव्या, वाकड्यातिकड्या? मी बघत राहिले. एकोणीस वर्षं जमिनीचे चढउतार कागदावर उतरवण्याची नोकरी करतेय, माझा डोळा फसत नाही. ते डोंगर होते!

लगेच ट्रेसिंग पेपर आणला. पेन्सिलीने वळ्या उतरवल्या, त्याच मापात पहिल्या खंडातला नकाशा लहान केला, आणि एकावर एक ठेवले. पहिली रांग जुळली. दुसरी जुळली. तिसऱ्या रांगेला डावीकडे जी खिंड आहे, जिच्यावरून आपण दोघं तुझ्या मुंजीपासून भांडतोय, ती खिंडसुद्धा जुळली! 

उघड आहे. माणूस लिहायला बसतो, विचार करतो, जीभ टाळूला लावतो. त्याला तिथे डोंगर लागतात. तो लिहितो. सगळी कथामाला त्यांच्या तोंडातच होती, बत्तीशी!

अध्यक्षांनी तिथल्या तिथे 'टाळू समिती' नेमली. मी प्रमुख. घरी येऊन आनंदाच्या भरात सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "डोंगर चालायला लागले तर पत्ता काय लिहायचा गं? आणि टपाल टाकायचं कुठे?" तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात गेली, त्यांना यापलीकडे काही सुचत नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हटलं आणि चहा ठेवला.

तुझी,
ताई

५ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या पत्राची मी इतक्या वेळा घडी घातलीय की ते आता चार तुकड्यांत आहे. इतकी वर्षं मी वंशावळवाला आणि तू नकाशावाली, आणि आपण एकमेकांना कमी लेखत आलो. आज मी हरलो. टाळूत वंशावळ सापडत नाही, मी खूप विचार करून पाहिला.

सोबत सासूबाईंची कवळी. माझ्या हातचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे, साच्यावर अशी बसली की निघेना. सुरुवातीला थोडं बोजड वाटेल, सवय होईल.

तुझा,
बत्तीशी

१८ एप्रिल

प्रिय बत्तीशीस,

जिंकलो! लेखकमहाशय १२ मे रोजी आमच्याकडे येणार! प्रकाशकांचा माणूस प्रदर्शन बघायला आला होता. 'टाळूचा महानकाशा' बघून तो म्हणाला, "हे त्यांना स्वतःला माहीत आहे का?" मी म्हटलं, "नसावं. आपल्या तोंडातलं आपल्याला कुठे दिसतं?" चप्पलवाल्यांनी शेवटच्या क्षणी उजवी चप्पलही आणली, पण ती वेगळ्याच मापाची निघाली. फार वाईट वाटलं. मी दोन दिवस हसत होते.

नकाशाच्या चारशे प्रती छापायला टाकल्यात. साचा काचेच्या पेटीत, खाली निळं कापड, वर दिवा. आणि मी वाक्य तयार केलंय. बावीस नाही, एकच. भांडी घासताना म्हणते, बसमध्ये म्हणते, आरशात बघून म्हणते. यावेळी चुकणार नाही.

एकच कटकट. सासूबाईंची कवळी परत पाठवतेय. म्हणतात बसत नाही, खाली पडते, बोलताना टकटक वाजते. "हे माझं तोंडच वाटत नाही," असं दिवसातून दहा वेळा. परवा घरी मंडळाची बैठक होती, मी महानकाशा समजावत होते, तर कवळी नेमकी बशीत पडली. मला पक्कं ठाऊक आहे, हे सगळं माझ्या डोंगरांवरचा राग म्हणून चाललंय. तरी तू जरा घासून बिसून दे.

तुझी,
ताई

५ मे

ताई,

हे पत्र एकटीने वाच. उभी असशील तर भिंत धर.

काल लेखकमहाशयांची कवळी डॉक्टरांकडून आली. समारंभ आहे म्हणून जरा चकाकी करून हवी होती. टेबलावर शेजारीच तुझ्या सासूबाईंची परत आलेली कवळी. पुढे सासूबाईंचा साचा. मी सासूबाईंची कवळी साच्यावर बसवून पाहिली. टक्क बसली. मनात म्हटलं, तर मग बाईंना त्रास कसला? मग कशी बुद्धी झाली कोण जाणे, गंमत म्हणून लेखकमहाशयांची कवळी त्याच साच्यावर ठेवली.

तीही टक्क बसली.

ताई, जगात दोन माणसांचं तोंड सारखं नसतं. जुळ्यांचंसुद्धा नसतं. म्हणजे माझ्याकडे आहे तो साचा लेखकमहाशयांचा. तुझ्या सासूबाईंची कवळी मी त्यावर केली. आणि जो साचा मी तुला कापसात गुंडाळून पाठवला, ज्याच्यावर तुम्ही दिवा लावलाय...

मला पुढे लिहवत नाही. फळीवर दोन साचे, दोन्ही बिननावाचे. दोन्ही मीच लपवले.

कुणाला सांगू नकोस. मालकांना कळलं तर मी संपलो. १२ तारीख पार पडू दे, मग काचेची पेटी 'चुकून' फोड.

बत्तीशी

८ मे

बत्तीशी,

पत्र मिळालं. भिंत धरली.

म्हणजे मी तीन महिने माझ्या सासूबाईंच्या टाळूवर शिष्यवृत्ती मिळाल्यासारखा अभ्यास केला. चारशे प्रती छापून आल्यात. रोपवाटिकावाल्या वहिनींनी त्या खिंडीवर कविता केलीय. आणि ती माउली लेखकमहाशयांच्या मापाचे दात तोंडात कोंबून माझ्यासमोर जेवत होती, आणि मी तिला कुरकुरी म्हणत होते.

पेटी फोडणार नाही. ज्या माणसाचे आभार मानायला बावीस वर्षं थांबले, त्याच्यासमोर उभी राहून खोटं बोलू? मग आभाराला काय किंमत राहिली? आणि खरं बोलले तर ते उलट्या पावली जातील, मंडळ मला हाकलेल, आणि चप्पलवाले फटाके उडवतील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तुझं नाव कुठेही येणार नाही, त्याची काळजी करू नकोस.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. धाडस नाही.

ताई

१५ मे

प्रिय बत्तीशीस,

जिवंत आहे. क्रमाने सांगते.

ते चार वाजता आले. उंचीने माझ्या आठवणीपेक्षा बरेच लहान, हातात काठी, अंगात दोन स्वेटर. सभागृह गच्च भरलेलं. सासूबाई तिसऱ्या रांगेत, दात तुझ्याकडे असल्यामुळे तोंडाला रुमाल लावून. मी म्हटलं होतं, घरी थांबा, तर म्हणाल्या, "सुनेचा कार्यक्रम आहे, येणार."

कार्यक्रमाआधी लेखकमहाशयांना पाणी प्यायला मागच्या खोलीत नेलं, जिथे आम्ही जास्तीच्या खुर्च्या ठेवतो. खोलीत फक्त मी आणि ते. बत्तीशी, माझं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बाहेर पेटीत ठेवलेली टाळू तुमची नाही, माझ्या सासूबाईंची आहे."

 मग मी सगळं सांगितलं. महानकाशा, समिती, खिंड, कविता. फक्त साचा कुठून आला ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि खिंड जुळते?" मी म्हटलं, "मिलिमीटरमध्ये." त्यावर ते हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग काठी पडली, मग कवळी निसटली ती त्यांनी हवेत झेलली. मी पाणी पुढे केलं. डोळे पुसत म्हणाले, "मी ते डोंगर एका ओल्या भिंतीचे पोपडे बघून काढले होते. कुणाला सांगू नका." आणि मग, "त्या बाई आल्यात का?"

सासूबाईंना आत आणलं. त्यांना तिथेच सगळं सांगावं लागलं. त्या इतकंच म्हणाल्या, "म्हणजे मी दीड महिना यांच्या मापाच्या दातांनी जेवत होते? तरीच वांधे." त्यांना दात नाहीत हे बघून लेखकमहाशयांनी स्वतःची कवळी पुन्हा तोंडात घातली नाही, सभ्यपणे हातातच धरली. मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" दार लागलं. बाहेर दोनशे माणसं, आत दोन बोळकी. चाळीस मिनिटं! आत कधी हसू, कधी चिडीचूप. अध्यक्षांनी तेवढ्या वेळात स्वागताचं भाषण दोनदा केलं.

मग ते मंचावर आले, दात बसवले आणि म्हणाले, "नकाशा अगदी बरोबर आहे. फक्त तोंड माझं नाही." आणि सासूबाईंना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गोंधळाचं काय वर्णन करू! कुणी चिडलं नाही. उलट नकाशावाले आणि वंशावळवाले यांच्या जोडीला मंडळात आता तिसरा गट निघालाय, सासूवाले. रोपवाटिकावाल्या वहिनी त्यात आहेत. परवा दोघीजणी घरी आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "जरा आ करता का?"

जाताना लेखकमहाशयांनी साचा मागून घेतला. म्हणाले, सहा वर्षं तिसरी रांग कुठे न्यायची ते सुचत नव्हतं, या बाईंकडे रस्ता आहे, आणि त्यांनी टपालाचा जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुस्तक संपवता येणार नाही.

सगळं छान झालं. पण मी माझं वाक्य बोललेच नाही. गाडीत बसताना त्यांनी हात पुढे केला, मी हातात घेतला, आणि म्हटलं, "जपून, पायरी आहे." गाडी गेली. आता ते पुन्हा कुठे येणार नाहीत. मी सगळ्यांसमोर हसत होते, पण तुला म्हणून सांगते, फार लागलंय. सासूबाईंना विचारलं, आत काय बोलणं झालं? म्हणाल्या, "म्हाताऱ्यांचं बोलणं."

तुझी,
ताई

२१ मे

चिरंजीव बत्तीशी यास,

तुझ्या ताईच्या सासूचे आशीर्वाद. पत्र मी लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली, एखादं आपलंही टाकावं.

कवळीबद्दल. माझा साचा तो गृहस्थ घेऊन गेला, तेव्हा तुझ्या डॉक्टरांना सांगून माप पुन्हा घ्यावं लागेल. यावेळी साच्यावर नाव घाल. चांगलं ठळक घाल. पत्ता नसलेल्या वस्तूचं काय होतं ते मी तीस वर्षं पाहिलंय. तुझ्या मालकांना कुणी काही बोलणार नाही, त्या गृहस्थाने तसा शब्द दिलाय. साचा कुणी पाठवला ते त्याने ओळखलं बरं का. म्हणाला, "कवळी करणाऱ्याने आतल्या बाजूला एवढासा डोंगर कोरलाय, जिभेला लागतो." असले उद्योग करत जाऊ नकोस.

आता दुसरं. तुझी ताई आठवडाभर घास चिवडतेय. मला दात नसले तरी डोळे आहेत. तिचं ते वाक्य मला पाठ आहे. महिनाभर ती भांडी घासताना तेच म्हणत होती, आणि स्वयंपाकघर नि माझी खाट यांच्यामध्ये एक पडदा आहे फक्त. मला आत नेलं तेव्हा वाटलं होतं, दारात उभं राहून ती बोलेल. पण तिने आधी खरं काय ते सांगून टाकलं, आणि त्यात बिचारीचं सगळं बळ संपलं. मला तिचा अभिमान वाटला. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही, सांगायला हवं.

म्हणून त्या बंद खोलीत मीच सांगितलं. म्हटलं, "माझ्या सुनेला तुम्हाला एक निरोप द्यायचाय, तिला जमत नाही. ती म्हणते, ज्या वर्षी मला अंथरुणातून हलता येत नव्हतं, त्या वर्षी तुमचे डोंगर चालत होते. त्यांच्या मागोमाग मी उठले."

माझं बोळकं, शब्द कसे उमटले देव जाणे. पण त्याला कळलं. हातात कवळी तशीच धरून तो भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "हे तिला मीच लिहीन. तुम्ही काही बोलू नका." म्हणून मी गप्प आहे, आणि आठवडाभर गप्प राहणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचार.

आज दुपारच्या टपालाने पाकीट आलंय. जाड आहे, तीन-चार कागद तरी असतील. नाव तिचं आहे, सासरचं, माहेरचं, सगळं नीट. मी उघडलेलं नाही, तीस वर्षांत कुणाचं उघडलं नाही. तिच्या ताटाच्या जागी ठेवलंय, म्हणजे आल्या आल्या दिसेल.

जिन्यावर पावलं वाजताहेत. आलीच ती. पत्र इथेच पुरे करते, मला तिचा चेहरा बघायचाय. कवळीची घाई नाही.

तुझ्या ताईची,
सासू